क्लब बुडतो तेव्हा चाहत्यांच्या हाती काय उरते?



आपण बहुतेक जण मस्कत, सोहार, सलालाला आलो ते क्रिकेटचे वेड सोबत घेऊन. मुले मात्र शाळेतून फुटबॉल घरी आणतात. कोणाच्या खोलीत लिव्हरपूलचा स्कार्फ, कोणाच्या पाठीवर रोनाल्डोचा सात नंबर. मग आपणही रात्री उशिरापर्यंत सामने बघायला लागतो, आणि कधी त्या क्लबचे होऊन जातो ते कळतही नाही. अशा घरांमध्ये गेल्या वर्षभरात एक प्रश्न वारंवार आला असेल : एवढा मोठा क्लब 'दिवाळखोर' कसा होतो? आणि झालाच, तर त्याच्यावर जीव लावणाऱ्यांनी काय करायचे?

प्रश्नाला निमित्तेही भरपूर आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडचा शेफील्ड वेन्सडे हा दीडशे वर्षांहून जुना क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. भारतात जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगामच टांगणीला लागला, कारण फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ ला एक आखूड हंगाम कसाबसा सुरू झाला. तोपर्यंत मुंबई सिटी क्लबमधून त्याच्या बड्या परदेशी भागीदाराने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने, अंगही काढून घेतले होते.

या विषयाचा धागा ओमानमध्ये आणि महाराष्ट्रातही सापडतो, म्हणून या वेळी त्याचा जरा सविस्तर विचार करू या.

अलीचे तीन क्लब

ओमानमध्ये राहून अली अल हबसी हे नाव माहीत नाही असा माणूस विरळाच! अल मुधैबीचा हा गोलकीपर नॉर्वेमार्गे इंग्लंडला गेला आणि प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला ओमानी ठरला. जानेवारी २००९ मध्ये मस्कतच्या सुलतान काबूस क्रीडा संकुलात ओमानने सौदी अरेबियाला पेनल्टीवर हरवून पहिल्यांदा गल्फ कप जिंकला. त्या संपूर्ण स्पर्धेत हबसीने एकही गोल होऊ दिला नव्हता. त्या रात्री मस्कतच्या रस्त्यांवर जो जल्लोष झाला तो इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेलच.

हबसीमुळे ओमानमधल्या अनेक घरांत इंग्लंडच्या तीन साध्यासुध्या गावांचे क्लब पोहोचले : २००६ पासून बोल्टन, २०१० पासून विगन आणि २०१५ ते २०१७ रेडिंग. आणि योगायोग बघा, हबसी गेल्यावर पुढच्या काही वर्षांत हे तिन्ही क्लब पैशाच्या गर्तेत सापडले. म्हणजे तीन गावे आणि दुखणे एकच! पण प्रत्येक ठिकाणी चाहते वेगळ्या तऱ्हेने वागले, म्हणून तिन्हींकडे क्रमाने बघण्यासारखे आहे.

बोल्टन : पगार थकला की आधी कोण रडतो?

बोल्टन वॉन्डरर्स हा १८७४ चा क्लब. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि बुडत्याचा पाय खोलात जाऊ लागला. इंग्लंडमध्ये वरच्या श्रेणीतून खाली आले की टीव्हीचे उत्पन्न एकदम आटते, पण खेळाडूंचे करार मात्र वरच्या श्रेणीच्या पगाराचेच राहतात. बोल्टन अनेक वर्षे एका श्रीमंत मालकाने दिलेल्या कर्जावर चालत होता. कर्जाचा आकडा दीडशे दशलक्ष पौंडांच्या पुढे गेला होता. त्या मालकाने हात आखडता घेतला आणि डोलारा कोसळला.

एप्रिल २०१९ मध्ये पगार न मिळाल्याने खेळाडूंनी खेळायला नकार दिला आणि ब्रेंटफर्डविरुद्धचा सामना रद्द झाला. खेळाडूंच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. पण त्याच काळात क्लबच्या कार्यालयात, स्वयंपाकघरात, तिकीट खिडकीवर काम करणाऱ्यांचेही पगार थकले होते. त्यांच्यासाठी शेवटी क्लबच्या आवारातच शिधावाटपाची सोय करावी लागली! १३ मे २०१९ ला क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. पुढच्या हंगामाची सुरुवात बारा गुण वजा, अशी झाली. संघात पोरसवदा मुले उतरली आणि पाच-पाच, सहा-सहा गोलांनी हरली. पण लोक त्यांना बघायला गेले. कोव्हेंट्रीविरुद्ध त्या मुलांनी ०-० अशी बरोबरी साधली, तेव्हा प्रेक्षकांनी जणू कप जिंकल्यासारखे त्यांचे कौतुक केले. ऑगस्ट २०१९ च्या शेवटी नवा मालक मिळाला आणि क्लब वाचला.

पगार अडकणे म्हणजे काय, हे आखातात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. कंपनी अडचणीत आली की वरची माणसे दुसरीकडे जागा शोधतात. स्टोअरकीपर, ड्रायव्हर, टायपिस्ट मात्र 'पुढच्या महिन्यात नक्की' या शब्दावर थांबून राहतात. फुटबॉलमध्ये तर याचा एक नियमच आहे. क्लब बुडाल्यावर खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे देणे पूर्ण द्यायचे, नाहीतर लीगमध्ये राहता येत नाही. बाकीच्यांनी, म्हणजे कर खाते, छपाईवाला, खानावळवाला यांनी, उरलेल्यातून वाटून घ्यायचे. २०१० मध्ये पोर्ट्समथ क्लब बुडाला तेव्हा देणेकऱ्यांच्या यादीत मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. ब्रिटिश सरकारच्या कर खात्याने या नियमाविरुद्ध कोर्टात दाद मागितली, पण २०१२ मध्ये ते हरले. म्हणून क्लब 'वाचला' अशी बातमी आली की गावातल्या किती दुकानदारांच्या उधारीवर पाणी पडले, हेही विचारायला हवे.

विगन : मालक बदलला म्हणून दैव बदलत नाही

विगन अॅथलेटिकने मे २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला आणि तीनच दिवसांनी प्रीमियर लीगमधून खाली गेला. गावातल्याच जुन्या मालकाने २०१८ मध्ये क्लब हाँगकाँगच्या एका कंपनीला विकला. जून २०२० मध्ये तो तिथल्याच दुसऱ्या गुंतवणूकदारांकडे गेला, आणि महिनाभराच्या आत, १ जुलै २०२० ला, नव्या मालकाने क्लब दिवाळखोरीत ढकलला. म्हणजे घर विकत घ्यायचे आणि गृहप्रवेशालाच वाजतगाजत टाळे लावायचे, असा प्रकार! बारा गुण कापले गेले. त्याच महिन्यात संघाने हल सिटीला ८-० असे हरवले होते. गुण कापले नसते तर क्लब तेराव्या स्थानावर राहिला असता. कापल्यामुळे खाली गेला. कार्यालयातल्या ७५ जणांना घरी पाठवण्यात आले.

करोनामुळे स्टेडियम बंद होते, त्यामुळे चाहत्यांना मैदानावर जाऊन घोषणाही देता येत नव्हत्या. त्यांनी वर्गणी काढली. काही लाख पौंड जमले आणि ती रक्कम क्लब चालू ठेवायला उपयोगी पडली. मार्च २०२१ मध्ये खरेदीदार मिळाला, तो आपल्या शेजारचा, बहरीनचा! दुसऱ्याच वर्षी विगनने आपली श्रेणी जिंकली. सगळीकडे आनंदीआनंद झाला. पण २०२२-२३ च्या हंगामात पुन्हा पगार उशिरा, पुन्हा गुण कापणे, पुन्हा खालच्या श्रेणीत. जून २०२३ मध्ये गावाशी नाते असलेल्या एका उद्योगपतीने क्लब घेतला तेव्हा कुठे घडी बसली.

यातून शिकण्यासारखे एवढेच की नवा मालक आला म्हणून ढोल वाजवण्याआधी त्याचे हिशेब तपासायला हवेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या आज्या सांगायच्या ते काही खोटे नाही. ज्या क्लबचा पगारखर्च त्याच्या कमाईपेक्षा जास्त आहे, तो मालकाच्या मर्जीवर जगतो. मालक हाँगकाँगचा असो, आखातातला असो की गल्लीतला, मर्जी फिरली की संपले.

रेडिंग : चाहते मैदानात उतरले

हबसी रेडिंगचा गोलकीपर असताना, २०१७ मध्ये, क्लब प्रीमियर लीगच्या उंबरठ्यापर्यंत गेला होता. अंतिम लढत पेनल्टीवर हरला. त्याच सुमारास मालकी एका चिनी उद्योगपतीकडे गेली. आधी पैसा वाहिला, मग आटला. वेगवेगळ्या हंगामांत मिळून रेडिंगचे १८ गुण कापले गेले. कर थकला, पगार थकले, २०२४ मध्ये महिलांच्या संघाला तर थेट पाचव्या श्रेणीत जावे लागले.

इथल्या चाहत्यांनी मालकाला 'क्लब विका' एवढी एकच मागणी लावून धरली. मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. १३ जानेवारी २०२४ ला पोर्ट व्हेलविरुद्धच्या सामन्यात सोळाव्या मिनिटाला शेकडो प्रेक्षक मैदानात उतरले आणि बसून राहिले. सामना रद्द झाला. शिस्तीच्या दृष्टीने हे बरोबर नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही. पण त्यानंतर देशभर चर्चा झाली. दोनच महिन्यांनी क्लबचे सराव मैदान शेजारच्या वायकम क्लबला विकण्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा इतका आरडाओरडा झाला की वायकमने माघार घेतली. मे २०२५ मध्ये क्लब अखेर नव्या मालकाकडे गेला.

शेफील्ड वेन्सडेच्या चाहत्यांनी हीच गोष्ट जरा निराळ्या रीतीने केली. मालक असेपर्यंत तिकिटे आणि टी-शर्ट घ्यायचे नाहीत, असा त्यांनी बहिष्कार घातला. स्टेडियमच्या खुर्च्या ओस पडल्या. ज्या दिवशी मालक बाजूला होऊन प्रशासक आला, त्यानंतर लगेच क्लबच्या दुकानापुढे रांगा लागल्या! पैसा तोच, माणसेही तीच. पण तो कोणाच्या हाती जातो आहे, हे बघून त्यांनी खिशात हात घातला.

बरी : बंद पडलेले दार पुन्हा उघडले

तीन क्लब वाचले, पण बोल्टनपासून थोड्याच मैलांवरचा बरी क्लब वाचला नाही. १८८५ ची स्थापना, दोनदा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका गृहस्थाने अवघ्या एका पौंडाला विकत घेतला. देणी भागवण्याचा पुरावा देता आला नाही म्हणून २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने बरीला काढून टाकले. त्या शेवटच्या दिवशीही शेकडो लोक झाडू, फडकी घेऊन गिग लेन स्टेडियम साफ करत होते, कारण सामना होईल अशी आशा होती.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. चाहत्यांनी नवा क्लब काढून अगदी तळाच्या श्रेणीपासून सुरुवात केली. दुसऱ्या गटाने जुने स्टेडियम वाचवायचा ध्यास घेतला आणि २०२२ मध्ये सरकारी निधी आणि देणग्या यांच्या बळावर गिग लेन विकत घेतले. मग आली आपल्या ओळखीची अडचण : दोन गट, दोन समित्या, दोघांचे तोंड दोन दिशांना! एकत्र येण्याचा पहिला ठराव २०२२ मध्ये आवश्यक मतांअभावी फेटाळला गेला. २०२३ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि तो मंजूर झाला. त्याच वर्षी बरी एफसी या जुन्या नावाने गिग लेनवर पुन्हा सामना झाला. जुन्या उंचीपर्यंत जायला अजून बरीच वर्षे लागतील. पण दार उघडे आहे आणि किल्ली गावाकडे आहे.

पोर्ट्समथमध्येही असेच घडले होते. दुसऱ्यांदा बुडाल्यावर २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने हजार-हजार पौंडांचे भाग विकून क्लब घेतला. चार वर्षांत कर्ज फेडले, संघ वरच्या श्रेणीत नेला, आणि मगच मतदान घेऊन तो एका अमेरिकन उद्योगपतीला विकला. तिथे विकायचे की नाही हे चाहत्यांनी ठरवले, ही त्यातली मेख!

आता पुण्याकडे वळू या

इंग्लंडच्या या गोष्टी ऐकून आपल्याकडच्या फुटबॉलची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुण्याने दहा वर्षांच्या आत तीन क्लब गमावले.

पहिला पुणे एफसी. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने सुरू केला. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. मुलांची अकादमी तर देशात नावाजलेली होती. २०१५ नंतर समूहाने हात काढून घेतला आणि अकादमी दुसऱ्या क्लबकडे गेली.

दुसरा डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा पुण्याचा जुना संघ, त्याला डी. एस. कुलकर्णी यांच्या उद्योगाचे पाठबळ मिळाले. लिव्हरपूलशी करार करून पुण्यात अकादमी निघाली. क्लब २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम आय-लीग खेळला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांचे पैसे परत न केल्याच्या प्रकरणात कुलकर्णी यांना अटक झाली.

तिसरा एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगमधला. वाधवान समूहाचा, म्हणजे डीएचएफएलवाल्यांचा. बालेवाडीत हजारो लोक नारिंगी कपडे घालून जायचे. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीत गेला होता. २०१९ च्या जूनमध्ये डीएचएफएलने देणी चुकवली, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले. क्लब त्याआधीच, ऑगस्ट २०१९ च्या शेवटी, संपला होता. म्हणजे तिकडे बरीत लोक झाडू मारत होते त्याच सुमारास! पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांनी घेतली. हैदराबादने २०२१-२२ मध्ये लीग जिंकली, मग तिथेही खेळाडूंचे पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली... सहा वर्षांत तीन शहरे. एखाद्या साहेबाची बदली व्हावी तशी क्लबाची बदली!

इंग्लंडमध्येही असे एकदा घडले आहे. २००२ मध्ये विम्बल्डन क्लबला दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला, जायची परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, नऊ वर्षांत तो मुख्य लीगमध्ये नेला आणि २०२० मध्ये जुन्या जागेजवळ, प्लाउ लेनला, स्वतःचे स्टेडियमही उभारले. मग पुण्याच्या चाहत्यांचे प्रेम कमी पडले का? आम्हाला तसे वाटत नाही. फरक व्यवस्थेचा आहे. इंग्लंडमध्ये तळाच्या श्रेणीतून पायरी पायरीने वर चढता येते. आपल्याकडच्या सुपर लीगमध्ये जागा मिळायची ती दरवर्षी कोट्यवधी रुपयांचे शुल्क भरून. खालून वर यायची वाट २०२३ पर्यंत नव्हतीच. स्टेडियम सरकारचे, परवाना कंपनीचा, नाव आणि चिन्हही कंपनीचे. प्रेक्षकाकडे होते ते फक्त तिकिटाचे अर्धुक. कंपनीच्या दृष्टीने क्लब म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगायला हवी, कारण ती फुटबॉलपुरती नाही. डीएसके आणि डीएचएफएल ही दोन्ही नावे मराठी घरांमध्ये फुटबॉलमुळे पोहोचली नव्हती. ती घर आणि मुदत ठेव यांमुळे पोहोचली होती. निवृत्तीचे पैसे, आखातात कमावलेली पुंजी, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे अशा ठेवी लोकांनी ठेवल्या. डीएचएफएलच्या मोठ्या ठेवीदारांना आपल्या रकमेचा लहानसा हिस्साच परत मिळाला. ज्या कंपनीचा क्लब आहे, ज्यांच्या कार्यक्रमात सिनेनट येतात, त्यांच्याकडे पैसा असणारच, हा समज किती महाग पडू शकतो ते या दोन प्रकरणांत दिसते. टी-शर्टवरचे नाव ही जाहिरात असते. ती हमी कधीच नसते. अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी ठेव ठेवण्यापूर्वी कंपनीचा ताळेबंद आणि पतमानांकन बघावे, आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, एवढे तरी आपण करू शकतो.

आणि कोल्हापूर?

महाराष्ट्रात फुटबॉल टिकतच नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला कोल्हापूरला न्यावे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... ही नावे बघा. यांतली बहुतेक तालमींची आणि तरुण मंडळांची. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ लोटते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. इथे करोडोंचा मालक नाही. पेठेतले दुकानदार, जुने खेळाडू, वर्गणी आणि मंडळाचे कार्यकर्ते यांच्यावर गाडा चालतो. एखाद्या वर्षी पैसे कमी पडले तर संघ हरतो, पण मंडळ दुसऱ्या शहरात जात नाही. मंगळवार पेठ उचलून हैदराबादला कशी नेणार?

कोल्हापुरात सगळे आलबेल आहे असे मात्र नव्हे. समर्थकांची हुल्लडबाजी, मैदानाबाहेरच्या मारामाऱ्या, बाहेरून खेळाडू आणण्याची चढाओढ, हे सगळे तिथेही आहे आणि त्याने खर्चही वाढतो. गोव्याचे चित्र याच्या मधले. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग गोवा हे क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, पण गोव्याची स्वतःची लीग आणि गावोगावची मैदाने शाबूत होती, त्यामुळे नावे पुसली गेली नाहीत. धेंपो तर पुढे आय-लीगमध्ये परतलाही.

आणि आपण जिथे राहतो त्या ओमानकडे बघा. सीब, सूर, सुवैक, सहम, इब्री, फंजा... क्लबांची नावे म्हणजे गावांचीच नावे! पैशाची ओढाताण इथल्या क्लबांनाही असते, पण क्लबला सभासद असतात, सर्वसाधारण सभा असते, तिच्यातून मंडळ निवडले जाते. अशाच सीब क्लबने २०२२ मध्ये आशियाई पातळीवरचा एएफसी कप जिंकून आणला.

मग चाहत्याने करायचे काय?

एवढे सगळे पाहिल्यावर आम्हाला चार गोष्टी ठळकपणे दिसतात.

पहिली, संघटना संकटाआधी हवी. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. विम्बल्डन, पोर्ट्समथ इथे वाचवणारे हात आधीपासून एकत्र होते. नोंदणी होती, बँकेत खाते होते, कोणाच्या सहीने पैसे निघणार हे ठरलेले होते.

दुसरी, पैसे देताना ते कुठे जातात ते विचारावे. बुडत्या मालकाला दिलेली वर्गणी त्याच्या कर्जात जाते. तीच वर्गणी कर्मचाऱ्यांच्या पगाराला किंवा क्लब विकत घेण्याच्या ट्रस्टला दिली तर तिचे चीज होते.

तिसरी, जागा सांभाळावी. खेळाडू येतात-जातात, मालकही बदलतात. मैदान एकदा बिल्डरच्या हाती गेले की परत येत नाही. बरीला दुसरा जन्म मिळाला त्यात गिग लेनचा वाटा मोठा आहे.

चौथी, कायद्याची साथ लागते. इंग्लंडमध्ये इतके क्लब पोळल्यावर जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा मंजूर झाला आणि स्वतंत्र नियामक नेमला गेला. आता क्लबला परवाना घेताना पैशाची योजना दाखवावी लागेल, मालकाची तपासणी होईल आणि मैदान, चिन्ह, रंग अशा बाबतींत चाहत्यांना विचारावे लागेल. भारतात असे काही नाही. सुपर लीग पुन्हा नव्याने उभी राहत असताना 'चाहत्यांचा प्रतिनिधी कुठे आहे?' हा प्रश्न विचारण्याची वेळ हीच आहे. सहा वर्षांत तीन शहरे फिरलेला परवाना पुन्हा कुठे जाणार असेल, तर निदान त्या शहराला आधी कळले पाहिजे.

मुलांना काय सांगायचे, हाही प्रश्न उरतोच. आपली मुले तर दुहेरी परक्या क्लबवर जीव लावतात. गाव त्यांचे नाही, देशही त्यांचा नाही. तरी क्लब बुडाला की रडू खरेच येते. त्यांना 'एवढे काय त्यात, दुसरा क्लब धर' असे सांगू नये. बोल्टनची मुले पाच गोलांनी हरत असताना टाळ्या वाजवायला जे लोक गेले, त्यांची गोष्ट सांगावी. आणि जवळच्या मैदानावर सीब किंवा मस्कत क्लबचा सामना असेल तेव्हा मुलांना घेऊन जरूर जावे. टीव्हीवरचा क्लब आपल्याला ओळखत नाही. इथे मात्र दोन-चार वेळा गेलात की गेटवरचा माणूससुद्धा सलाम करतो.

असो. परदेशातली आपली मंडळेही शेवटी याच जातीची. त्यांच्यामागे मोठा मालक नाही आणि नसावाही. प्रायोजक मिळतो, गणेशोत्सव थाटात होतो, पुढच्या वर्षी त्या प्रायोजकाचा धंदा बसला की खजिनदाराची झोप उडते. ज्या मंडळाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागतो, ज्याचा जमाखर्च वार्षिक सभेत वाचला जातो आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे कोणी डोळे वटारत नाही, ते मंडळ एखादे वर्ष साध्या आरासीवर काढेल, पण पुढच्या वर्षी पुन्हा उभे असेल. तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेला या, हिशेब ऐका आणि वर्गणी वेळेवर भरा, एवढेच आमचे मागणे!



— संपादक मंडळ